'बस' म्हणजे बदक-ससा: अक्षर आणि आवाज यांची गाठ कशी पडते

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा ४ वर्षं ८ महिन्यांचा, छोट्या गटात. क पासून ज्ञ पर्यंतचा तक्ता घडाघडा म्हणतो. पण वर्तमानपत्रातल्या 'म' वर बोट ठेवलं की "मगर" म्हणतो. "मासा कशाने सुरू होतो?" असं विचारलं की "मा" म्हणतो, "म" काही केल्या म्हणत नाही. शाळेतून निरोप आलाय की घरी घोकून घ्या. आणि तुम्ही विचारताय की अजून किती घोकायचं, मोबाइलवर ॲप लावून द्यायचं का, आणि त्याच्या डोक्यात काही कमी तर नाही ना.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी मला तसं काही दिसत नाही. उलट त्याने दिलेली दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. आपण त्याला जे शिकवलं तेच तो सांगतोय, आणि जे त्याला खरंच ऐकू येतंय तेही सांगतोय.

मी सांगली जिल्ह्यात बालवाडी चालवते, २३ वर्षं झाली. पहिली सहा-सात वर्षं मीही तक्ताच घोकून घेतला. स्नेहसंमेलनात मुलं एका सुरात "क कमळाचा, ख खटाऱ्याचा" म्हणायची, पालक टाळ्या वाजवायचे, मलाही बरं वाटायचं. मग एक दिवस एका मुलीला मी पाटीवर 'बस' लिहून दाखवलं. दोनच अक्षरं, दोन्ही तिला चांगली येणारी. तिने पहिल्यावर बोट ठेवलं, म्हणाली "बदक". दुसऱ्यावर ठेवलं, म्हणाली "ससा". मी म्हटलं, आता जोडून म्हण. तिने जोडून म्हटलं, "बदक-ससा." आणि माझ्याकडे अशा खात्रीने पाहिलं की मला हसू आवरेना. घरी गेल्यावर मात्र हसू गेलं. वर्षभर मी तिला अक्षराला चित्र चिकटवायला शिकवलं होतं. आवाज चिकटवायला शिकवलंच नव्हतं.

तुमचा खरा प्रश्न हाच आहे. मुलाला अक्षरं येत नाहीत असं नाही. अक्षर आणि आवाज यांच्या मध्ये मगर, बदक आणि कमळ येऊन बसलेत. त्यांना उठवायचंय. ते आणखी घोकून उठणार नाहीत, उलट पक्के बसतील. चित्रांशी माझं भांडण नाही, पण चित्रं कुठली असतात तेही बघा. 'ऐ' ला ऐरण, 'औ' ला औत, 'ख' ला खटारा. ऐरण पाहिलेलं मूल मला २३ वर्षांत एकच भेटलं, तो लोहाराचा मुलगा होता. बाकीची 'ऐ' कडे बघून "हातोडी" म्हणतात, आणि त्यांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता "मासा" ला तो "मा" म्हणतो, त्याबद्दल. आपली लिपी इंग्रजीसारखी नाही. आपल्या 'क' च्या पोटात 'अ' आधीच आहे. 'क' म्हणजे क् अधिक अ. मराठी मूल बोलणं ऐकतं तेही अशाच तुकड्यांत: मा-सा, का-का, पो-ळी. 'मा' च्या आत पुन्हा एक 'म्' आहे आणि एक 'आ' आहे ही फोड आपण मोठ्यांनी लिहा-वाचायला शिकल्यावर केलेली. साडेचार वर्षांच्या मुलाला 'मासा' च्या सुरुवातीला 'म' ऐकू येतच नाही, 'मा' ऐकू येतो. आपण त्याला म्हणतो, "नाही, नीट ऐक, म!" आता नीट ऐकणाराच तो आहे. तो म्हणाला "मा" की शाबासकी द्या आणि म्हणा, "हो, मा. मामा मधला मा." त्याला 'म' पर्यंत कसं न्यायचं ते पुढे सांगते, तिथे काडीचं काम आहे.

त्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर कशा अवलंबून असतात ते सांगते. नाहीतर माझं म्हणणं तुम्ही जसंच्या तसं घ्याल आणि घरी जुळलं नाही की माझ्या नावाने बोटं मोडाल.

एक, उच्चार. या वयाची काही मुलं "काका" ला "ताता" म्हणतात, 'र' चा 'ल' करतात, 'श' आणि 'स' एकच बोलतात. त्यामुळे मुलाने 'क' दाखवल्यावर "त" म्हटलं तर त्याला अक्षर आलं नाही असं लगेच ठरवू नका. उलट परीक्षा घ्या. तुम्ही "क" म्हणा आणि समोरच्या तीन कार्डांतून त्याला उचलू द्या. त्याने बरोबर उचललं तर अक्षर आलं, जीभ मागून येईल. चार वर्षांचं झाल्यावरही घराबाहेरच्यांना त्याचं बोलणं कळत नसेल तर मात्र स्पीच थेरपिस्टना दाखवा.

दोन, कान. सतत सर्दी असलेल्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठू शकतं आणि काही दिवस, कधी काही आठवडे कमी ऐकू येतं. मूल पाठमोरं खेळत असताना हळू हाक मारून बघा. दोन-तीनदा ओ दिली नाही तर आधी कानाचे डॉक्टर, मग अक्षरं.

तीन, घरची बोली. आमच्याकडे कितीतरी घरांत "पानी" म्हणतात, "पाणी" नाही. जतकडची काही मुलं घरी कन्नड बोलतात. हिंदी बोलणाऱ्या घरातल्या मुलाने 'ळ' हा आवाज बालवाडीत येईपर्यंत ऐकलेलाच नसतो. अशा मुलांना जो आवाज कानावर पडलेलाच नाही त्याचं अक्षर आधी शिकवण्यात अर्थ नाही. आणि "पानी काय म्हणतोस" म्हणून हसायचं तर मुळीच नाही. हसलं की मूल गप्प होतं, आणि गप्प मुलाला आवाज शिकवता येत नाहीत.

आणि चौथं म्हणजे वय. पावणेपाच म्हणजे काही उशीर झालेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे पहिली-दुसरीसुद्धा त्यातच येते. तुमच्याकडे वेळ आहे.

आता करायचं काय? पहिले तीन-चार आठवडे अक्षर दाखवूच नका. तक्ता भिंतीवरून काढा, किंवा निदान त्याच्यासमोर बोट ठेवून म्हणणं बंद करा. हे दिवस कानाचे.

टाळ्या वाजवत शब्द तोडा. घरातल्यांची नावं घ्या, जेवणातले पदार्थ घ्या. पो-ळी, दोन टाळ्या. को-शिं-बीर, तीन टाळ्या. आजोबांचं नाव लांबलचक असलं की मुलांना फार आनंद होतो. मग पिशवीचा खेळ. कापडी पिशवीत चार वस्तू ठेवायच्या, त्यातल्या तीन एकाच आवाजाने सुरू होणाऱ्या. काडी, कागद, कात्री आणि त्यात एक बटाटा. पाहुणा कोण ते ओळखायचं. बघा, काडी-कागद-कात्री तिन्ही 'का' आहेत, मुद्दाम. सुरुवातीला 'कप', 'काडी', 'किल्ली' असं मिसळलं की ज्याला 'का' ऐकू येतो त्याला तिन्ही वेगळे वाटतात, आणि ते वेगळे आहेतच.

आणि आपल्या घरोघरच्या भेंड्या! शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द. गाणी नको, नुसते शब्द. काका – कान – नाक – कप. प्रवासात, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, कधीही चालतात. भेंड्या खेळलेल्यांना ठाऊक असतं, 'ण' किंवा 'ळ' वर आलं की सगळे अडतात आणि कोणीतरी म्हणतं, 'ण' चा 'न' घ्या, 'ळ' चा 'ल' घ्या. कारण या दोन आवाजांनी मराठीत शब्द सुरूच होत नाही. तक्त्यातही म्हणूनच "ण बाणाचा", "ळ बाळाचा" असं येतं. मूल बाकी सगळीकडे पहिला आवाज पकडायला शिकतं आणि इथे एकदम शेवटचा पकडायचा असतो, ते त्याला कोणी सांगत नाही. आमच्या बालवाडीत एक मुलगा कित्येक दिवस 'ण' ला "ब" म्हणायचा. बाणाचा ना! त्याचं बरोबरच होतं. म्हणून ण आणि ळ मी वर्षाच्या उत्तरार्धात घेते, "शेपटीचे आवाज" म्हणून. नळ, बाळ, खेळ, कण आणि बाण. शेपूट ओढून म्हणायची: बाळ्‌ळ्‌ळ्.

पाहुणा सलग चार-पाच दिवस न चुकता ओळखायला लागला की अक्षरं सुरू करायची. तुमचा मुलगा "मा" ऐकतो म्हणजे तो बहुतेक लवकर तिथे येईल.

अक्षरं कोणती आधी? क ख ग घ ङ या क्रमाने नक्कीच नको. आपली वर्णमाला फार सुंदर रचलीय, घशापासून ओठांपर्यंत: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. पण ती रचणाऱ्यांना उच्चारांची मांडणी करायची होती, चार वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवायचं नव्हतं. क, ख, ग, घ हे तोंडात एकाच जागी तयार होणारे आवाज आहेत, म्हणजे एकमेकांसारखे ऐकू येणारे. शिकताना पहिले चार आवाज एकमेकांपासून जितके लांब तितकं बरं. 'ङ' ने तर शब्दच सुरू होत नाही, आणि मुलं त्याला 'ड' समजून टिंब पुसायला जातात.

मी पहिले चार घेते ते असे: म, क, न, र. आवाज वेगळे, चेहरे वेगळे. आणि या चारांबरोबर पहिल्याच पंधरवड्यात काना.

इथे बऱ्याच बायका आणि बऱ्याच शिक्षिका माझ्याशी भांडतात. आधी सगळी मुळाक्षरं, मग बिनकान्याचे शब्द, मग बाराखडी, असं आपण शिकलो. पण पावणेपाच वर्षांच्या मुलाच्या तोंडी दिवसभर कोणते शब्द असतात ते मोजा. आई, बाबा, पाणी, दूध, भात, पोळी, गाडी, चेंडू. एकाला तरी बिनकान्यामात्रेचं राहता येतं का? आणि पुस्तकात त्याला भेटतात नग, घट, रथ. वाचता आलं तरी त्याला त्यात आपलं काही सापडत नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी अक्षरांचे छोटे गट करून त्यातच स्वरचिन्हं घेऊन लगेच शब्द वाचायला द्यायची मांडणी केली. मी त्या वाटेने जायला लागल्यापासून मागे वळलेले नाही.

चार अक्षरं आणि एक काना एवढ्यात काय काय होतं बघा: काका, मामा, काम, मका, मान, मार, राम, रमा, कार, करा, नका. आणि माझी लाडकी जोडी, नाक आणि कान. अक्षरं तीच, काना तोच, फक्त जागा बदलली की चेहऱ्यावरची जागा बदलते. कार्ड दाखवायचं आणि मुलाने वाचून त्या जागेला हात लावायचा. कोणी कान म्हणून नाक धरलं की वर्ग डोक्यावर घेतात.

काना कसा शिकवते ते सांगते, कारण तुमच्या "मा आणि म" ची गाठ इथेच सुटते. आइस्क्रीमची चपटी काडी घ्या आणि लाल रंगवा. जाड पुठ्ठ्यावर म, क, न, र एकेक हाताएवढं काढा. 'म' ठेवून म्हणा "म", अगदी तोकडा, जिभेवर आला न आला तोच सोडायचा. काडी शेजारी उभी करा आणि म्हणा "माऽ". काडी काढा, "म". ठेवा, "माऽ". पाच-सहा वेळा, गंमत म्हणून. मग काडी त्याच्या हातात द्या आणि काही बोलू नका.

मागच्या वर्षी एका मुलीने अशीच काडी घेतली. 'म' शेजारी ठेवली, "मा" म्हणाली. काढली. थोडा वेळ काडी दातात धरून बसली. मग मी न सांगता ती 'न' च्या शेजारी नेऊन टेकवली आणि हळूच म्हणाली, "ना?" प्रश्नच विचारला तिने. मी मान हलवली. मग क, मग र. "का. रा." चारही झाल्यावर ती काडी घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली, कुठे कुठे टेकवता येते ते बघायला.

या मुलीला 'मा' मधून 'म' सुटा करून दाखवावा लागला नाही. काडी काढली की 'म' उरतो हे तिने हाताने केलं. म्हणून म्हणते, "मासा" ला "म" वदवून घेऊ नका. त्याच्या "मा" ची काडी काढून ठेवा, 'म' आपोआप समोर येईल. आणि एकदा हे जमलं की 'आ' दाखवा. 'अ' शेजारी तीच काडी. "आई मधला आ" हे त्याला तुमच्याआधी दिसेल.

"क ला काना का, म, काम" असं मात्र सध्या म्हणू नका. आपण सगळे तसेच शिकलो, ठाऊक आहे. पण एका 'का' साठी मुलाला चार-पाच आवाज तोंडातून काढावे लागतात आणि शब्दाच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात हरवते. काना, मात्रा, वेलांटी ही नावं पहिलीत शिकली तरी चालतात.

चार अक्षरांत तो रमला की पुढचा गट: स, ब, त, प, ल आणि दुसरी वेलांटी. आता मासा आला, बाबा आले, साप, ताक, पान, लाल, माती, मामी, काकी. पहिली वेलांटी मी वर्षभर मागे ठेवते. ती लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि म्हणताना नंतर, त्यामुळे मुलं 'कि' ला "इक" वाचतात. शिवाय ऱ्हस्व-दीर्घातला फरक बोलताना आपल्यालाच धड ऐकू येत नाही, तो मुलाच्या कानाला कुठून येणार?

दिसायला सारखी अक्षरं एका महिन्यात आणू नका. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष. 'म' पक्का झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी 'भ' आला तर भांडण होत नाही. 'ख' चं एक वेगळंच आहे, मुलं त्यात 'र' आणि 'व' बघतात. बघू द्या, त्यांना दिसतंय ते तिथे आहेच.

च, ज आणि झ बद्दल माझी एक फजिती सांगते. पिशवीच्या खेळात मी चमचा, चाक, चटईचा तुकडा आणि मातीची चिमणी ठेवली होती. चारही 'च', पाहुणा म्हणून एक बॉल. एका मुलाने बॉल बाजूला काढला, आणि मग चिमणीही काढली. मी म्हटलं, "अरे, चिमणी च ची ना?" तो म्हणाला, "बाई, ही वेगळी च आहे." मी दोन्ही शब्द स्वतःशी म्हणून पाहिले आणि गप्प बसले. 'चमचा' म्हणताना जीभ दातामागे लागते, 'चिमणी' म्हणताना टाळूला. तुम्हीही म्हणून बघा: गुरांचा 'चारा' आणि आकडा 'चार'. आपल्या मराठीत च, ज, झ यांचे असे दोन-दोन आवाज आहेत आणि अक्षर एकच. तेव्हापासून मी 'च' आधी एकाच आवाजाच्या शब्दांनी शिकवते, चाक, चमचा, चूल, चटई. दुसरा आवाज महिनाभराने, "या अक्षराला दोन आवाज काढता येतात" असं सरळ सांगून. चिमणी, चंद्र, चहा. मुलांना त्याचं काही वाटत नाही. न सांगता मिसळलं की मात्र ज्याचा कान तीक्ष्ण तोच गोंधळतो.

ॲपचं याच कारणाने जपून. अक्षरांची बरीच ॲप आणि व्हिडिओ हिंदीवरून केलेले असतात. त्यात 'ळ' नसतो, च-ज एकाच आवाजाचे असतात, आणि कमळाचं "कमल" होतं. ल आणि श यांचे आकारही कधी हिंदी वळणाचे असतात. घरच्या तक्त्यावरचा 'ल' ओळखणारं मूल दुकानाच्या पाटीवरचा 'ल' बघून "हे काय आहे?" विचारतं, ते त्यामुळेच. पण मोठं कारण वेगळं आहे. ॲप मुलाला आवाज ऐकवतं, मुलाचा आवाज मात्र तुम्ही ऐकता तसं ऐकत नाही. तुमच्या मुलाने "मा" म्हटल्यावर तो का म्हणाला हे ॲपला कळणार नाही. ते लाल फुली दाखवून पुढे जाईल.

तुम्ही शाळेचं माध्यम लिहिलेलं नाही. इंग्रजी असेल तर एवढंच लक्षात ठेवा की तिथला नियम उलटा आहे. आपल्या अक्षराचं नाव आणि आवाज जवळपास एकच, 'क' ला 'क' च म्हणतात. इंग्रजीत नाव 'एच' आणि आवाज 'ह्'. शिवाय तिथल्या 'बी' च्या पोटात 'अ' नाही. आपली मुलं सवयीने "बअ-ॲ-टअ" म्हणतात आणि 'बॅट' काही केल्या जुळून येत नाही. तिथे स्‌स्‌स्‌, म्‌म्‌म्‌ असे ओढता येणारे आवाज आधी घ्यायचे आणि शेवटचा 'अ' गिळायचा. कानाचे खेळ मात्र दोन्हीकडे तेच, आणि ते घरच्या भाषेतच खेळा. आवाज तोडायला एकदा जमलं की ती युक्ती मूल दुसऱ्या भाषेत आपली आपण नेतं.

लिहिण्याचं थोडक्यात. शाळेतून पानभर गिरवायला येत असेल तर ते हाताचं काम आहे, वाचण्याचं नाही, आणि पावणेपाच वर्षांची बोटं त्याला अजून कच्ची असतात. बाईंना गोड बोलून पानाच्या दोन ओळींवर आणा. मॉंटेसरीबाई खरखरीत अक्षरांवरून मुलांचं बोट फिरवून घ्यायच्या आणि त्याच वेळी आवाज म्हणवून घ्यायच्या, ते मात्र कराच. पॉलिशपेपर कापून पुठ्ठ्यावर चिकटवला की झालं. तेवढाही खटाटोप नको असेल तर फरशीवर खडूने मोठा 'म' काढा आणि त्यावर चिंचोके लावायला सांगा. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पानं, बिया, शंख-शिंपले घेऊन बालवाडी चालवून दाखवली, साधनांसाठी पैसे लागतात ही सबब तेव्हाच संपली. चिंचोका लावताना तोंडाने "म, म, म" चाललं पाहिजे. हात चालू आणि तोंड बंद असेल तर ती फक्त रांगोळी झाली.

वेळ रोज १० मिनिटं. १२ झाली तरी चालतील, पण तो उठला की उठू द्या. आजवर मी पाहिलंय, पहिला चारांचा गट कोणी तीन आठवड्यांत करतं, कोणाला चार महिने लागतात. मोठ्या गटाच्या शेवटी १२ ते १५ अक्षरं आवाजासकट आणि काना-वेलांटीसकट पक्की असली तर मी खूश असते. क ते ज्ञ पाठ असण्यापेक्षा ती फार पुढची मजल आहे.

आणि जमलंय की नाही, हे कसं ओळखायचं? ओळखीचा शब्द वाचून दाखवला यावर विश्वास ठेवू नका. मुलांची पाठांतराची ताकद अफाट असते, 'काका' चं कार्ड ती कोपऱ्यावरच्या डागावरून ओळखतात. मी खोटा शब्द लिहिते, ज्याला काही अर्थच नाही, त्याच चार अक्षरांचा. मार्चमध्ये त्या काडीवाल्या मुलीच्या पाटीवर मी 'माकान' लिहिलं. तिने एकेक अक्षरावर बोट ठेवलं, ओठ हलवले, "मा... का... न" आणि मग जोडून "माकान". पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "बाई, असं काही नसतंच!"